ईदची खरेदी आणि रक्ताचा वारसा



नोकरी करणाऱ्या आम्हा मातांची ईदची खरेदी आता रात्री मोबाईलवरच उरकते. रोहण्यात बसून मुलांचे कपडे मागवता येतात. माप चुकले तर परतही करता येतात. आईबापांकडून मिळालेले रक्त मात्र परत करता येत नाही.

आपल्या विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो, थॅलेसेमियाही तसाच. वाहक व्यक्ती बहुधा धडधाकट दिसते, म्हणून घरात कोणाला शंकाही येत नाही. पण पती-पत्नी दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. जवळच्या नात्यात लग्न झाल्यास दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, त्यात रक्ताच्या तपासणीवरच भर आहे.

रिश्ता ठरवताना आपण शिक्षण पाहतो, घराणे पाहतो. निकाहाआधी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी करून घ्या. वाहक असणे हा गुन्हा नव्हे. मूल आजारी निघाले की एकट्या सुनेला बोल लावणे हा मात्र अन्याय आहे. कारण हा वारसा दोघांकडून येतो.

विद्यार्थी मित्रहो, एवढे आज घरी अवश्य सांगा.