नव्या ट्रकचालकाचे सामान

पुण्याजवळच्या चाकणमधील तळेगाव चौकातून बाहेर पडणाऱ्या अवजड वाहनांपैकी काही तळेगावमार्गे मुंबईकडे आणि न्हावा शेवा बंदराकडे जातात, काही शिक्रापूरमार्गे नगर रस्त्याला लागतात, तर काहींचा पल्ला चेन्नई, गुजरातेतील साणंद, हरियाणातील मानेसर किंवा झारखंडातील जमशेदपूर अशा, वाहनउद्योगाच्याच दुसऱ्या केंद्रांपर्यंत असतो. या पल्ल्यावर पहिल्यांदाच निघणारा चालक सामान बांधताना किलोमीटरचा हिशेब करतो. वास्तविक त्याने हिशेब करायचा तो थांब्यांचा; कारण कारखान्याच्या फाटकाबाहेर नंबर लागेपर्यंत, शहरात अवजड वाहनांना बंदी असलेले तास संपेपर्यंत आणि माल उतरल्यावर परतीचे भाडे मिळेपर्यंत गाडी उभीच असते, आणि अपुऱ्या सामानाची खरी अडचण धावत्या गाडीत नव्हे, तर या उभ्या गाडीत होते.

पहिला मान अर्थातच कागदपत्रांचा. नोंदणी प्रमाणपत्र, गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचा दाखला म्हणजे फिटनेस, विमा, पीयूसी, राज्याबाहेर माल नेण्याची मुभा देणारे नॅशनल परमिट आणि चालकाचे वाहतूक वाहनाचे लायसन्स, एवढे कागद सोबत लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपवर दाखवले तरी ग्राह्य धरले जातात. तथापि मोबाइल बंद पडला किंवा रेंज गेली तर वाद घालत बसण्यापेक्षा प्रतींची एक प्लास्टिकची फाइल केबिनमध्ये असलेली बरी. याशिवाय प्रत्येक फेरीचे स्वतंत्र कागद असतात. बिल्टी म्हणजे वाहतूकदाराने माल ताब्यात घेतल्याची पावती, आणि ई-वे बिल म्हणजे साधारणपणे ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल हलवताना जीएसटीच्या संकेतस्थळावर तयार करावा लागणारा परवाना.

ई-वे बिलाकडे नव्या चालकाचे हमखास दुर्लक्ष होते, कारण ते कार्यालयाचे काम आहे अशी त्याची समजूत असते. सर्वसाधारण मालासाठी या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, म्हणजे चाकणहून चेन्नईपर्यंतच्या सुमारे १,२०० किलोमीटरला सहा दिवस मिळतात. हा अवधी कागदावर भरपूर वाटला, तरी वाटेत गाडी बिघडून दोन-तीन दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की तो सरतो. मुदत संपण्याच्या आधी आठ तास किंवा संपल्यानंतर आठ तास एवढ्याच काळात ती वाढवून घेता येते, आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला तर बिलाच्या दुसऱ्या भागात त्या गाडीचा क्रमांक नोंदवावा लागतो. म्हणून मुदतीची तारीख ठळक लिहून ती समोर दिसेल अशी लावणे आणि गाडी अडकल्याबरोबर कार्यालयाला कळवणे, हा सामानाइतकाच तयारीचा भाग आहे.

चाकण-भोसरी पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांच्या फाटकावर आणखी एक परीक्षा होते. सेफ्टी शूज, चमकत्या पट्ट्यांचे जाकीट आणि हेल्मेट नसेल तर चालकाला सहसा आत सोडत नाहीत, आणि गाडी धक्क्याला लागल्यावर चाकांखाली ठोकळे लावायला सांगतात. चपलेवर आलेल्या चालकाचा नंबर येऊनही गाडी बाहेरच राहते. हे बूट उसने आणून भागत नाही, कारण मापाचे नसलेले बूट घालून मालाच्या गाडीवर चढणे-उतरणे धोक्याचे असते.

गाडीसाठीच्या वस्तूंत जॅक, चाकाचा पाना, त्याला जोर देणारी टॉमी, हवा भरलेली स्टेपनी, फ्यूज, बल्ब, टॉर्च, उघड्या गाडीसाठी ताडपत्री आणि रस्सा या जुन्याच आहेत. बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांमुळे त्यांत ‘युरिया’ची भर पडली. चालक ज्याला युरिया म्हणतात ते प्रत्यक्षात शुद्ध पाण्यातील ३२.५ टक्के युरियाचे द्रावण असून ते इंजिनच्या धुरातील नायट्रोजनची घातक संयुगे कमी करते. ते संपले की इंजिनची ताकद आपोआप घटवली जाते आणि भरलेली गाडी घाटात रखडते. त्याची एक सीलबंद बादली जवळ असावी, मात्र शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो मुळीच करू नये, कारण त्यातील अशुद्धी महागडी यंत्रणा निकामी करते. बंद पडलेल्या गाडीमागे दगड आणि झाडाच्या फांद्या मांडण्याची रीत महामार्गावर सर्रास दिसते. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, पण दगड तिथेच राहतात आणि रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतात. परावर्तक त्रिकोण गाडीत असेल आणि तो पुरेसा मागे ठेवला, तर या दगडांची गरजच उरत नाही.

चालकाच्या स्वतःच्या पिशवीत पाण्याचा मोठा कॅन, चादर, मच्छरदाणी, बादली-मग, पावसाळी कपडे, हिवाळ्यात उत्तरेकडे जायचे असल्यास जाड कांबळे, चष्मा आणि रोजची औषधे नेहमीपेक्षा चार दिवस जास्तीची असावीत, कारण रक्तदाबाची गोळी प्रत्येक ढाब्यावर मिळत नाही. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी पहिले दोन दिवस चांगली साथ देतात. गॅसची छोटी शेगडी अनेक जण नेतात आणि ढाब्याच्या खर्चाकडे पाहता ते समजण्यासारखे आहे, पण बंद केबिनमध्ये ती पेटवणे म्हणजे आगीला आणि गुदमरण्याला आमंत्रण होय. झोप पळवणाऱ्या गोळ्यांना मात्र या पिशवीत जागा नाही. ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक असले, तरी नव्या चालकाच्या हाती बहुधा जुनी गाडीच दिली जाते, त्यामुळे उकाड्याची तयारीही ठेवावी. खर्चीचे पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवावेत, फास्टॅगमधील शिल्लक निघण्यापूर्वी विचारून घ्यावी, आणि घरचा, कार्यालयाचा, महामार्ग मदतीचा १०३३ व तातडीचा ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये असले तरी कागदावरही लिहावेत.

या सगळ्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात कामाचे सर्वसाधारण तास दिवसाला आठ ठरवले होते, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती, वाहनात प्रथमोपचार पेटी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती आणि गणवेश, रेनकोट यांसारख्या वस्तू मालकाने पुरवाव्यात असे नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांना लागू होता, त्यामुळे एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारा चालक त्याच्या कक्षेबाहेर राहत असे. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतील असोत की चाकणमधील, लहान मालकांनी कायद्याची वाट न पाहता जॅक, त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि सेफ्टी शूज स्वतः द्यावेत, आणि त्यांची किंमत नव्या चालकाच्या पहिल्या पगारातून कापू नये.