घरातला फोटो : रंगीत की काळापांढरा?



अंकासाठी आलेले फोटो निवडण्याचे काम मंडळाने माझ्याकडे दिले आणि त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञाही केली. मी सातवी शिकलेली बाई. मोबाईलवर फोटो नीट करायला मुलीकडून शिकले, तेवढेच सांगते. आपल्या अंकात रंगीत पाने चारच परवडतात, म्हणून निवड करणे भागच आहे.

घरातल्या फोटोला अडचण असते ती उजेडाची. खिडकीतून निळसर उजेड येतो आणि माथ्यावर पिवळा दिवा जळत असतो. मग अर्धा गाल कावीळ झाल्यासारखा, अर्धा निळा! आधी पिवळेपणा कमीजास्त करायची पट्टी सरकवून पाहावी. उजेड एकाच जातीचा असेल तर चेहरा ताळ्यावर येतो. दोन्ही मिसळले असतील तर एक बाजू सुधारावी तो दुसरी बिघडते. तिथे मी रंग काढून टाकते. १९९३ च्या भूकंपात लातूरकडची कितीतरी माळवदे पडली. राहिली त्यांतले आमचे एक. त्याच्या अंधाऱ्या माजघरातला सासूबाईंचा फोटो मी असाच काळापांढरा केला. रंगीत होता तेव्हा नजर आधी मागच्या लाल बादलीवर जाई. आता त्यांचे हात दिसतात.

हळदीच्या फोटोला मात्र हे करू नये. पिवळा काढला तर नवरीने राख फासल्यासारखी दिसते.

आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हैदराबादेत राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली खास बायकांसाठी झनाना स्टुडिओ काढला. एक इंग्रज बाई तो पाहत असत. त्या काळच्या काचांवर लाल रंग काळा उमटे. म्हणून जुन्या तसबिरींत कुंकू गोंदल्यासारखे दिसते. आता उलटेच झाले आहे. काळापांढरा करताना काही मोबाईलमध्ये एकेक रंग उजळता येतो. लाल उजळला की चेहरा गोरा होतो खरा, पण कपाळावरचे कुंकूही त्याबरोबर जाते! दोघीतिघींनी मला ‘जरा गोरी कर ग’ म्हणून सांगून ठेवले आहे. ते मी करणार नाही. उद्या नातवंडांनी अंक उघडून ‘ही कोण?’ म्हणून विचारायचे का?

मूळ फोटो कुणी पुसू नका. काय करायचे ते नकलेवर करा, आणि मला मूळच पाठवा. हळद, रांगोळी आणि भोंडल्याचे फोटो त्या चार पानांत जातील. बाकीच्यांनी रुसू नये.