कागद वाचू, मगच सही करू

 

आपल्या विष्णुपुरीत 1981 साली इंजिनिअरिंग कॉलेज आलं, 1994 साली विद्यापीठ झालं. नांदेड शहर सरकत सरकत दारापर्यंत आलं. एकरावर बोलली जाणारी जमीन आता चौरस फुटावर विकली जाते. आणि आमच्या बैठकीत सारखा एकच प्रश्न निघतो : "भाऊ सही मागतोय, करू का?"

आम्ही म्हणतो, आधी कागद बघू.

मराठवाड्यात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं. त्यामुळं जुन्या कागदावर उर्दू दिसते, साल फसली असतं. त्यात 590 मिळवा, इसवी सन ढोबळमानानं निघतो. 1317 फसली म्हणजे 1907. पुढं 1954-55 चं खासरा पत्रक आलं. जमीन कुणाच्या नावावर, कसतो कोण, हे त्यात सापडतं. म्हणून जुना वाद निघाला की आधी खासरा मागतात. त्यानंतर पाहणी पत्रक, मग सातबारा. मधल्या प्रत्येक बदलाचा फेरफार असतो. आजोबांपासून ही साखळी जोडत या. आईचं, आत्याचं, तुमचं नाव कुठं गळालं ते तिथंच कळतं.

शेताचे प्लॉट पडले, सिटी सर्व्हे झाला, की मिळकत पत्रिका बघायची. ग्रामपंचायतीचा नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे. तेवढ्यावर मालकी ठरत नाही. सातबारासुद्धा महसुली नोंदच. खरेदीखत, वाटणीपत्र, वारसा, यांचा आधार त्यामागं लागतो.

आता हक्काचं. हिंदू वारसा कायद्यात 9 सप्टेंबर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. वडील त्याआधी वारले असले तरी हा हक्क जन्मापासूनचा, असं सुप्रीम कोर्टानं 2020 साली सांगितलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यानं मोडत नाहीत.

वडील गेल्यावर तीन महिन्यांत वारस नोंदीचा अर्ज द्या, त्यात सगळ्या बहिणींची नावं घाला. फेरफाराची नोटीस आली तर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ती नोटीस डब्यात ठेवून देऊ नका.

काही जणी म्हणतात, वाटा मागितला तर माहेर तुटेल. ही भीती खोटी नाही. पण नाव लागणं म्हणजे भांडण नव्हे. नाव असू द्या, शेत भाऊच कसू द्या. पुढं वाटा सोडायचा की ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. रजिस्ट्री झालेलं हक्कसोडपत्र मात्र सहजासहजी फिरत नाही. म्हणून कोऱ्या कागदावर, घाईत, लग्नाच्या गर्दीत सही करायची नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक कागद आणा. सातबारा, नमुना आठ, जे असेल ते. गटातली शिकलेली पोरगी मोठ्यानं वाचेल, आपण सगळ्या ऐकू. कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही, ते वहीत लिहू. ज्यांचं नाही, त्यांच्यासोबत तलाठ्याकडं दोघी-तिघी मिळून जाऊ.

भेटू मग. रामराम.