माळरानाची जनगणना

(वळसंग, ता. दक्षिण सोलापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



सोलापूर-अक्कलकोट रस्त्याने वैशाखात जाणाऱ्या परगावच्या माणसाला वळसंगच्या शिवारात पाहण्याजोगे काय, असे विचारले तर तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतीशी जोडलेल्या विहिरीचे नाव घेईल आणि पुढे स्वामींच्या दर्शनाला निघून जाईल. माळाकडे तो पाहणार नाही. पाहिले तरी त्याला दिसेल करडा मुरूम, वाळलेली कुसळी आणि चार बोरीबाभळी. महसुली दप्तरात अशा जमिनीला पड म्हणतात. एकदा 'पड' हा शब्द चिकटला की त्या जमिनीचा निकाल लागल्यासारखाच असतो. पडीक जमिनीवर काही उभे करणे म्हणजे विकास आणि काही न करणे म्हणजे आळस, असा समज दोन पिढ्यांत पक्का झाला आहे.

या समजाला धक्का देणारी एक गोष्ट २०१४ साली घडली. लंडनमधील क्यू उद्यानाच्या शास्त्रीय नियतकालिकात एका नव्या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध झाले. नागदवण्याच्या कुळातील त्या कंदवर्गीय झाडाला नाव मिळाले 'क्रायनम सोलापुरेन्स'. डॉ. एस. पी. गायकवाड आणि त्यांचे सहकारी के. यू. गरड व आर. डी. गोरे यांनी ती जगासमोर आणली. सह्याद्रीत नवी वनस्पती सापडली तर कोणाला आश्चर्य वाटत नाही. तेथे पाऊस आहे, दाट अरण्य आहे, देवराया आहेत. परंतु वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, दुष्काळाच्या बातम्यांतच ज्याचे नाव यायचे, त्या जिल्ह्याच्या नावाने एक वनस्पती जगाच्या यादीत गेली, ही वेगळीच घटना होय. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यानंतर शतक उलटून गेले, तरी हे झाड शास्त्राच्या वहीत नव्हते.

इतकी वर्षे ते कोणाला दिसले कसे नाही? गुराख्यांना दिसले असेलच. त्यांनी त्याला काही नावही दिले असेल. अभ्यासकाला मात्र ते दिसण्यासाठी त्याने योग्य पंधरवड्यात योग्य ठिकाणी उभे असावे लागते. कंद वर्षातला बराच काळ जमिनीखाली निजलेला असतो. पाऊस झाला की तो पाने काढतो, फुलतो, बी धरतो आणि पुन्हा मातीत जातो. महाविद्यालयाची सहल दिवाळीच्या सुटीत माळावर गेली तर तिला तेथे गवतच दिसणार. म्हणूनच हे काम एका भेटीचे नाही. तीच जागा, पुन्हा पुन्हा, नक्षत्रागणिक पाहावी लागते.

नक्षत्रे येथे मुद्दाम घ्यायची, कारण या प्रदेशातल्या शेतकऱ्याचे पंचांग आणि माळाचे पंचांग एकच आहे. रोहिणीपूर्वीच, रणरणत्या उन्हात, रानकांद्याचा दांडा पानांशिवाय वर येतो आणि त्याची फुले सायंकाळी उमलतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो आणि पहिल्या सरीनंतर ओल्या मातीवर मखमली लाल किडे चालू लागतात. लहान मुले त्यांना काडेपेटीत ठेवतात. या मृगाच्या किड्याला आठ पाय असतात. म्हणजे तो कीटक नव्हेच, तो कोळ्यांच्या गोतातला. त्याची पिल्ले नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगावर जगतात आणि मोठे किडे इतर कीटकांची अंडी खातात. शेतकरी त्याला पावसाचा दूत मानून त्याच्या अंगावर पाय पडू देत नाही. शास्त्राच्या दृष्टीनेही तो संकेत बरोबरच आहे, कारण मातीत ओल किती खोल उतरली हे तो पर्जन्यमापकापेक्षा वेगळ्या रीतीने सांगतो.

पुढे पुष्य आणि आश्लेषा उघडीपीच्याच जातात. सोलापूरचा खरा पाऊस उत्तरा आणि हस्त यांच्या पदरात असतो. रब्बीची ज्वारी त्याच भरवशावर पेरली जाते. माळावरच्या कीटकांचा भरही तेव्हाच येतो. तरवडाची पिवळी फुले पाहिली नाहीत असा माणूस या तालुक्यात सापडणार नाही. पण त्या फुलाचे पराग सहज सांडत नाहीत, हे थोड्यांनाच ठाऊक असते. परागकोशाच्या टोकाला बारीक छिद्र असते आणि काळा भोवरा फुलाला मिठी मारून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हाच त्या छिद्रातून पराग उडतात. त्याच तरवडाच्या पानांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. शेजारच्या रुईवर चट्ट्यापट्ट्यांचा रंगीत नाकतोडा असतो आणि केशरी फुलपाखराची अळी असते. दोघेही रुईचा विषारी चीक पचवून स्वतःच विषारी बनतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. शनिवारी मारुतीला वाहिल्या जाणाऱ्या रुईच्या माळेमागे एवढा संसार असतो.

परंतु कीटक आणि वनस्पती यांची गाठ किती नाजूक असते, हे पाहायचे तर खर्चुडीपाशी थांबले पाहिजे. कंदीलपुष्प हे तिचे दुसरे नाव. भारतात हिच्या पन्नासाहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बऱ्याच पश्चिम घाटाच्या परिसरातच आढळतात आणि काही कोरड्या प्रदेशांत निवडुंगाच्या व काटेरी झुडपांच्या जाळीत चढतात. फूल म्हणजे नळी, नळीच्या तळाशी फुगा आणि वर कंदिलाची जाळी. वास येतो, बारीक माशी आत शिरते, आणि नळीतले केस खालच्या दिशेने वळलेले असल्याने तिला परत येता येत नाही. काही काळ ती फुग्यात कोंडलेली राहते. नंतर केस मलूल होतात, फूल झुकते आणि माशी परागाची पुडी अंगाला चिकटवून सुटते. सुटून ती दुसऱ्या तशाच फुलात जाऊन फसली, तरच बी धरते. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की ते फूल जखमी मधमाशीच्या गंधाची नक्कल करते आणि मेलेल्या माशीवर टपून बसणाऱ्या छोट्या माशांना फसवते.

आता विचार करावा. बांधावरची जाळी जाळली आणि वेल वाचली, पण ती माशी गेली, तर वेलीला फुले येतील आणि बी धरणार नाही. कंद आहे तोवर ती जगेल. बाहेरून पाहणारा म्हणेल, वनस्पती शाबूत आहे. प्रत्यक्षात तिचा वंश थांबलेला असेल. एकट्या वनस्पतीची पाहणी करणारा हे ओळखू शकत नाही आणि एकट्या कीटकांची पाहणी करणाराही नाही. त्यात या कंदांची गोडी मुलांना आणि मेंढपाळांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. पोटासाठी दोन कंद उपटणाऱ्याने ही वनस्पती धोक्यात आली नाही. ती धोक्यात आली नांगराने, जेसीबीने आणि अलीकडे हौशी संग्राहकांमुळे. म्हणून जाणते अभ्यासक दुर्मीळ वेलीचे छायाचित्र दाखवतात, पण तिचा नेमका पत्ता जाहीर करीत नाहीत. ही लपवाछपवी नव्हे, ही राखण आहे.

कामाची साधने साधी असतात. ज्याच्याकडे सवड आणि चिकाटी आहे त्याला ती परवडतात. वनस्पतींसाठी मीटरभर बाजूची चौकट जमिनीवर टाकायची आणि आतले प्रत्येक रोप मोजायचे. नमुना घ्यायचाच असेल तर जुन्या वर्तमानपत्रांत दाबून, रोज कागद बदलून वाळवायचा. जागा, तारीख, माती आणि फुलाचा रंग लिहिलेली चिठ्ठी नसेल तर तो नमुना वाळलेला पाला ठरतो. जेथे दोनचारच रोपे आहेत तेथे नमुना घ्यायचा नाही. फुलपाखरांसाठी एक वाट ठरवायची, दर आठवड्याला त्याच वेळी तिच्यावरून सावकाश चालायचे आणि दोन्ही बाजूंच्या अडीच अडीच मीटरांतली फुलपाखरे लिहायची. इंग्लंडमध्ये १९७६ पासून अशी मोजणी अखंड चालू आहे. पतंगांसाठी अमावास्येच्या रात्री पांढरे कापड आणि दिवा. जमिनीवरच्या भुंगेऱ्यांसाठी मातीत काठोकाठ पुरलेला पेला, जो सकाळी रिकामा करून कीटक सोडून द्यायचे. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी आधी घ्यायची, यात सवलत नाही.

इतक्या साध्या कामातून काय हाती येते, याचे उदाहरण जर्मनीतले आहे. क्रेफेल्ड येथील कीटकप्रेमींच्या मंडळाने १९८९ ते २०१६ अशी सत्तावीस वर्षे, त्रेसष्ट संरक्षित ठिकाणी, एकाच पद्धतीचे सापळे लावून उडत्या कीटकांचे वजन केले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा जग हादरले, कारण ते वजन पाऊण हिश्श्याहून अधिक घटले होते. त्या कामातला मोठा वाटा कोणत्याही विद्यापीठाचे पगारी संशोधक नसलेल्या माणसांचा होता. सोलापूरच्या माळावर कीटक किती घटले हे कोणी सांगू शकत नाही, कारण सत्तावीस वर्षांपूर्वीचे वजन कोणी केलेलेच नाही. आज सुरू केलेली वही आणखी वीस वर्षांनी बोलू लागेल.

माळढोकाचे दुःख या जिल्ह्याला सांगायला नको. १९७९ साली जे अभयारण्य जाहीर झाले त्याचे क्षेत्र ८४९६ चौरस किलोमीटर होते. पुढे ते १२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आणले गेले. अलीकडच्या गणनांत नान्नजला एखाददुसराच पक्षी दिसतो. माळढोक नाकतोडे खातो, भुंगेरे खातो, शेतकऱ्याच्या परिचयाचे हिंगेही खातो. पक्षी मोजले गेले, त्याचे अन्न मात्र क्वचितच मोजले गेले. उलट गवताळ माळावर गिरिपुष्पासारखी झाडे लावून 'वनीकरण' झाले. झाड लावणे हे सत्कृत्य असते असे शाळेपासून शिकवले जाते आणि बहुतेक ठिकाणी ते खरेही आहे. पण कुसळी, मारवेल आणि पवन्याच्या माळावर दाट सावली पडली की सूर्याची गरज असलेले कंद, उघड्या जमिनीवर अंडी घालणारे नाकतोडे आणि लांबवर नजर लागणारा माळढोक, तिघेही जातात. वेड्या बाभळीने तर न लावताच हे काम केले आहे. विमानतळासाठी चर्चेत राहिलेला बोरामणीचा माळ येथून दूर नाही.

शेतकऱ्याला यात दोषी धरणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. पाणी आले तर माणूस ऊस लावणारच. पण सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या डाळिंबाच्या फळधारणेत मधमाश्यांचा वाटा आहे. करडई आणि सूर्यफुलाचेही तसेच. तुरीच्या फुलांवर येणाऱ्या, पाने कातरून घरटे करणाऱ्या एकाकी माश्या बांधावरच्या आणि माळावरच्या मोकळ्या मातीत व पोकळ काड्यांत राहतात. बांध नांगरून एक तास जास्त मिळाले आणि फुलोऱ्यात फवारणी झाली, तर तोटा कोणत्या वहीत लिहायचा हे कोणालाच कळत नाही.

वही मात्र कायद्याने दिलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, असे ठरले. नोंदवह्या तयार झाल्या. त्यांतल्या अनेक घाईघाईने, एकमेकींवरून उतरवून पूर्ण केल्या गेल्याची टीका अभ्यासकांनी केली आहे. एका ऋतूत, चार दिवसांत भरलेल्या नोंदवहीत रानकांदा असेल तर खर्चुडी नसेल. वळसंगसारख्या गावात मेंढ्या चारणारे धनगर बांधव, मराठी व कन्नड दोन्ही नावे जाणणाऱ्या वृद्ध माता, आणि मोबाईलवर छायाचित्र काढणारी शाळकरी मुले एका वहीवर बसली, तर ती दुरुस्त होऊ शकते. नाव, जागा, नक्षत्र, फुलावर बसलेला कीटक, एवढे चार रकाने पुरेत. लॅटिन नाव महाविद्यालयातला जाणकार नंतर भरील.

उत्तरेच्या पावसानंतर, सप्टेंबरच्या अखेरीस, जाळीतल्या खर्चुडीला शिंगांसारख्या जोडशेंगा दिसू लागतात. किती फुलांमागे किती शेंगा, हा साधा आकडा त्या माशीची हजेरी सांगतो. शेंगा तडकून रेशमी शेपटीचे बी वाऱ्यावर जाण्यापूर्वीच तो घ्यावा लागतो. नंतर वेल पिवळी पडून मातीआड होते आणि पुढची मोजणी पुढच्या वर्षीच्या पावसावर जाते.