राखीव जागांची मर्यादा
वाशिमसह काही जिल्हा परिषदांतील राखीव जागांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणाचा निर्णय ४ मार्च २०२१ रोजी लागला. इतर मागासवर्गासाठी कायद्याने सरसकट २७ टक्के जागा ठरविल्या होत्या. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा धरता बेरीज निम्म्यापलीकडे जाई. न्यायालयाने आरक्षण नाकारले नाही, हे चर्चेत पुष्कळदा निसटते. स्वतंत्र आयोगाने मागासलेपणाची पाहणी करावी, संस्थानिहाय प्रमाण ठरवावे आणि एकूण राखीव जागा ५० टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, एवढेच त्याचे म्हणणे. तथापि या जागांवर निवडून आलेल्या सदस्यांना, त्यांचा काहीही दोष नसता, पदे गमवावी लागली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी तेथे पोटनिवडणुका झाल्या.