पॉप्लरची निवडणूक



इंग्लंडांतील निवडणूक म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें पार्लमेंटची निवडणूक उभी राहते. कोणता पक्ष अधिकारावर येणार, मुख्य प्रधान कोण होणार, याचीच चर्चा आपल्याकडील सुशिक्षित घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली. परंतु त्या देशांत याहून लहान व दिसण्यांत अगदीं घरगुती अशी आणखी एक निवडणूक होत असते. ती म्हणजे तेथील बरोच्या कौन्सिलाची. रस्त्यावरचा दिवा, केरकचरा, सार्वजनिक स्नानगृह, वाचनालय, गरिबांचीं राहतीं घरें, हे तिचे विषय. तिच्या बातम्या समुद्र ओलांडून आपल्यापर्यंत क्वचितच येतात.

अशाच एका निवडणुकीची हकीगत आज मीं सांगण्याचें योजिलें आहे. ती नोव्हेंबर १९१९ मध्यें लंडनच्या पूर्व भागांतील पॉप्लर या बरोंत झाली. मतदान एका दिवसांत आटोपलें. पण त्या दिवशीं मतदारांना दिलेलें वचन पाळतां पाळतां तीस नगरपित्यांना तुरुंगांत जावें लागलें, आणि अखेर पार्लमेंटला कायद्यांत बदल करावा लागला.

प्रथम बरो म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. १८९९ च्या कायद्यानें लंडनचे, मधली जुनी ‘सिटी’ वगळून, अठ्ठावीस विभाग पाडण्यांत आले व प्रत्येकास स्वतःचें कौन्सिल मिळालें. आपल्याकडील म्युनिसिपालिटीसारखीच ही संस्था. बरोचे वॉर्ड केलेले असत आणि त्यांतून दर तीन वर्षांनीं सभासद निवडले जात. सभासदांच्या एक-षष्ठांश इतके वडील सभासद, ज्यांना तेथें आल्डरमन म्हणत, ते कौन्सिल स्वतः निवडी. मेयरची निवडही कौन्सिलच करी. पॉप्लरमध्यें सभासद बेचाळीस व आल्डरमन सात होते. कौन्सिलाच्या उत्पन्नाचें मुख्य साधन घरपट्टी. घराच्या भाड्याच्या मानानें घराची किंमत ठरवावयाची आणि तीवर पौंडामागें अमुक शिलिंग, अमुक पेनी अशी पट्टी बसवावयाची, अशी ती पद्धति होती. ही घरपट्टी श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढील सर्व प्रकरणाचें मूळ तींतच आहे.

पॉप्लर हें नांव आपणांस अपरिचित वाटेल, पण त्या भागाचा आपल्या देशाशीं संबंध जुना आहे. थेम्स नदीच्या काठीं तेथें ज्या गोद्या बांधल्या गेल्या, त्यांतील एकीचें नांवच ईस्ट इंडिया गोदी. ती १८०६ सालीं उघडली. पूर्वेकडून चहा, मसाले, नीळ, रेशीम घेऊन येणारीं जहाजें तेथें लागत. माल दूरदेशींचा, नफा सावकारांचा आणि ओझें पॉप्लरच्या हमालाच्या पाठीवर, असा तो व्यवहार होता. गोदींतील काम बहुतेक रोजंदारीचें. सकाळीं फाटकापाशीं गर्दी करावी. मुकादमानें बोट दाखविलें तर त्या दिवसाची चूल पेटली, नाहीं तर रिकाम्या हातानें घरीं परतावें.

अशा माणसाला मताचा हक्क तरी होता काय? १९१८ पूर्वीं तो फार अपुरा होता. ज्यानें गरिबीमुळें सार्वजनिक निधींतून मदत घेतली, त्याचें नांव मतदारांच्या यादींतून कमी होई. म्हणजे ज्याच्या घरीं मदत पोंचावयाची, त्यालाच ती मदत कशी द्यावी याविषयीं बोलण्याचा अधिकार नव्हता! पहिलें महायुद्ध संपतां संपतां, १९१८ मध्यें, जो नवा कायदा झाला त्यानें ही अट काढून टाकली. त्याच कायद्यानें मतदार असलेल्या पुरुषांच्या तीस वर्षांवरील पत्नींनाही स्थानिक निवडणुकींत मत मिळालें. खंदकांतून परत आलेला शिपाई, गोदींतला हमाल आणि त्याची बायको अशीं तिघेंही आतां मतपेटीपाशीं येऊं शकत होतीं.

युद्धानंतरची पहिली निवडणूक ती हीच. मजूर पक्षानें पॉप्लरच्या बेचाळिसांपैकीं एकोणचाळीस जागा जिंकल्या. एका वॉर्डांत अनेक जागा असल्या म्हणजे मतदाराला तितकींच मतें असत. त्यामुळें एकाच पक्षाकडे कल झाला कीं त्याच्या जागा मतांच्या प्रमाणाहून अधिक भरत. हें लक्षांत घेतलें, तरी त्या दिवशींचा पॉप्लरचा कौल स्पष्ट होता. नव्या कौन्सिलांत गोदीचे कामगार होते, रेल्वेचे नोकर होते, घरसंसार करणाऱ्या स्त्रिया होत्या. जॉर्ज लॅन्सबरी हे मेयर झाले. ‘डेली हेरल्ड’ या पत्राचे ते संपादक, वय साठ, धर्मावर श्रद्धा आणि युद्धाला विरोध, अशी त्यांची वृत्ति. लगतच्या स्टेपनी बरोंतही त्या वेळीं मजूर पक्षाचा विजय झाला व तेथें क्लेमेंट अॅटली नांवाचे तरुण गृहस्थ मेयर झाले. हेच अॅटली १९४७ सालीं हिंदुस्थानला स्वातंत्र्य देणारा कायदा पार्लमेंटमध्यें संमत झाला तेव्हां मुख्य प्रधान होते. त्यांच्या सार्वजनिक कारकीर्दीची पायरी अशी पूर्व लंडनच्या गल्ल्यांतून चढत गेली.

नव्या कौन्सिलानें कामाला त्वरित हात घातला. घरें बांधावयास घेतलीं. आणि १९२० मध्यें आपल्या नोकरांना आठवड्यास निदान चार पौंड वेतन मिळावें असा ठराव केला. पुरुषास व स्त्रीस हें किमान वेतन सारखेंच ठेवलें, ही त्या काळीं मोठी धिटाईची गोष्ट होती.

इतक्यांत मंदी आली. १९२१ च्या उन्हाळ्यांत त्या देशांतील बेकारांची संख्या वीस लाखांच्या वर गेली. पॉप्लरच्या गोद्या थंडावल्या. बेकाराच्या कुटुंबाला मदत द्यावयाची जबाबदारी त्या त्या भागावरच होती. घरीं राहणाऱ्या गरिबाच्या अन्नाचा खर्च तेथल्याच घरपट्टींतून निघावयाचा. आतां यांतील त्रैराशिक पाहा. जेथें गरीब फार, तेथें मदतीचा खर्च फार. पण जेथें गरीब फार, तेथेंच घरें हलकीं व त्यांच्यावरील पट्टीचें उत्पन्न थोडें. पौंडामागें एक पेनी पट्टी बसविली तर श्रीमंत वेस्टमिन्स्टरमध्यें पॉप्लरच्या सुमारें नऊपट पैसा जमे. म्हणजे वेस्टमिन्स्टरला जें काम एका पेनींत होई, त्यासाठीं पॉप्लरच्या हमालाला नऊ पेनी मोजाव्या लागत. आणि वेस्टमिन्स्टरला तसल्या कामाची गरजही कमीच. ज्या गोदींच्या व्यापारावर श्रीमंत लंडन पोसलें, त्या गोदीचा बेकार मजूर मात्र पॉप्लरच्याच गरिबांनीं पोसावा, असा हा न्याय होता.

त्याखेरीज लंडन कौंटी कौन्सिल, पोलीस, पाणीपुरवठ्याचें मंडळ आणि रुग्णालयें चालविणारें मंडळ यांच्या वाट्याची रक्कमही प्रत्येक बरोनें गोळा करून भरावयाची असे. मार्च १९२१ मध्यें पॉप्लरच्या कौन्सिलानें ठरविलें कीं स्वतःच्या कारभारापुरती व गरिबांच्या मदतीपुरती पट्टी बसवावयाची, पण या वरच्या संस्थांसाठीं बसवावयाची नाहीं. पट्टी वाढवावी तर भाडेकरू मरतो. मदत तोडावी तर बेकार मरतो. आणि मतदारांना तर सांगितलें होतें कीं तुमचें दुःख हलकें करूं. या तिढ्यांतून त्यांना हाच एक मार्ग दिसला.

अर्थात् प्रकरण कोर्टांत गेलें. २९ जुलै रोजीं हे नगरपिते पॉप्लरहून हायकोर्टापर्यंत मिरवणुकीनें चालत गेले. पुढें कौन्सिलाचा चोपदार दंड घेऊन, त्यामागें गळ्यांत अधिकाराची सांखळी घातलेले मेयर सॅम मार्च, आणि मागें बरोचे सुमारें दोन हजार रहिवासी. हायकोर्टाकडे व कदाचित् तुरुंगाकडे, असें त्यांनीं आपल्या निशाणावर आधींच लिहून ठेवलें होतें! कोर्टानें पैसे भरण्याचा हुकूम केला; त्यांनीं तो मानला नाहीं; आणि सप्टेंबरच्या आरंभापासून एकेकाला पकडण्यास सुरुवात झाली. पुरुषांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगांत व स्त्रियांना हॉलोवेच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. त्या स्त्रियांपैकीं नेली क्रेसॉल या गर्भवती होत्या. पण बरोचा कारभार थांबून कसें चालेल? तेव्हां कौन्सिलाच्या सभा तुरुंगांतच भरूं लागल्या, आणि त्यांसाठीं हॉलोवेहून स्त्री-सभासदांना मोटारींतून ब्रिक्स्टनला आणण्याची परवानगी सरकारला द्यावी लागली. लॅन्सबरी खिडकीच्या गजांतून बाहेर जमलेल्या लोकांशीं बोलत.

श्रोतेहो, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. कायदा करणें पार्लमेंटचें काम. नगरपित्यांनीं तो पाळावयाचा. प्रत्येक बरोनें आपणांस न पटलेली पट्टी अडवून धरली, तर शहराचें पाणी, पोलीस व रुग्णालयें चालणार कशीं? हा प्रश्न केवळ विरोधकांनींच विचारला असें नाहीं. हॅकनेचे मेयर हर्बर्ट मॉरिसन हे स्वतः मजूर पक्षाचे पुढारी; त्यांनाही पॉप्लरचा मार्ग पसंत नव्हता. अशा वागण्यानें आपला पक्ष राज्य चालविण्यास नालायक ठरेल, अशी त्यांना धास्ती होती. त्यांची शंका पोकळ नव्हती. परंतु पॉप्लरच्या बाजूनें दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. एक, त्यांनीं जें केलें तें उघड ठराव करून केलें, हिशेब लपवून केलें नाहीं. दुसरी, कायदा मोडण्याची किंमत त्यांनीं स्वतः भरली; ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यांत घातली नाहीं. शेजारच्या स्टेपनी व बेथनल ग्रीन या बरोंनींही तोच मार्ग धरण्याचा ठराव केला, तेव्हां मात्र सरकारला जाग आली.

१२ ऑक्टोबर १९२१ रोजीं, सुमारें सहा आठवड्यांच्या कैदेनंतर, त्यांची सुटका झाली. त्याच वर्षीं पार्लमेंटनें स्थानिक संस्थांच्या पैशासंबंधीं कायदा करून घरीं राहणाऱ्या गरिबांच्या मदतीचा भार साऱ्या लंडनच्या सामाईक निधीवर टाकण्याची तजवीज केली. पॉप्लरचें ओझें वेस्टमिन्स्टरच्याही खांद्याला लागलें. जें वर्षानुवर्षें अर्जविनंत्यांनीं झालें नव्हतें, तें या तीस सामान्य स्त्री-पुरुषांनीं करून घेतलें.

पण तें फुकट मिळालें नाहीं. मिनी लॅन्सबरी या जॉर्ज लॅन्सबरींच्या सूनबाई. पूर्वीं त्या शाळेंत शिक्षिका होत्या. पुढें कौन्सिलाच्या आल्डरमन झाल्या व इतरांबरोबर तुरुंगांत गेल्या. सुटकेनंतर तीन महिनेही लोटले नाहींत, तोंच १ जानेवारी १९२२ रोजीं न्यूमोनियानें त्यांचा अंत झाला. वय अवघें बत्तीस. बो रोडवर त्यांच्या स्मरणार्थ एक घड्याळ लावलेलें आहे.

नोव्हेंबर १९२२ मध्यें पुन्हां निवडणूक आली. लंडनच्या अनेक बरोंत मजूर पक्षाची पीछेहाट झाली. पॉप्लरच्या मतदारांनीं मात्र आपल्या माणसांचें बहुमत कायम ठेवलें. कोर्टाच्या निकालाइतकाच हाही एक निकाल होता. तथापि कायद्यानें आपला हात अगदींच आवरला नाहीं. चार पौंडांच्या किमान वेतनावर सरकारी हिशेबतपासनिसानें हरकत घेतली आणि १९२५ मध्यें उमरावांच्या सभेनें, जें त्या देशाचें तेव्हां सर्वोच्च न्यायस्थान, तें वेतन बेकायदा ठरविलें. निवडून आलेल्या सभासदांनीं लोकांचा पैसा काटकसरीनें खर्चिला पाहिजे आणि त्यांच्या उदारपणालाही मर्यादा आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता. मताचें बळ कोठपर्यंत जातें व कोठें थांबतें, हें दोन्ही पॉप्लरच्या इतिहासांत असें शेजारींशेजारीं वाचावयास मिळतें.

आज पॉप्लर हा स्वतंत्र बरो राहिलेला नाहीं. १९६५ सालीं पॉप्लर, स्टेपनी व बेथनल ग्रीन मिळून टॉवर हॅम्लेट्स हा नवा बरो झाला. घरांवरील जुनी पट्टी आतां राहिलेली नाहीं; १९९३ पासून कौन्सिल-कर आहे. लंडनच्या बरोंच्या निवडणुका आतां दर चार वर्षांनीं, मे महिन्यांतील एका गुरुवारीं, होतात. सकाळीं सातपासून रात्रीं दहापर्यंत मतदान चालतें. २०२३ पासून इंग्लंडांत मतदाराला छायाचित्र असलेला ओळखीचा पुरावा दाखवावा लागतो. दोन उमेदवारांना मतें समसमान पडलीं, तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात. उमेदवाराला अनामत रक्कमही भरावी लागत नाहीं. गोदीचा हमालही निवडणुकीस उभा राहूं शकतो. आणि इतकें असूनही २०२२ सालीं लंडनच्या बरोंच्या निवडणुकींत निम्म्याहून अधिक मतदार मत देण्यास गेले नाहींत. ज्या हक्कासाठीं पॉप्लरच्या हमालाला १९१८ पर्यंत वाट पाहावी लागली, तो पदरांत पडल्यावर असा अडगळींत जातो!

या विषयाशीं आपला संबंध ईस्ट इंडिया गोदीपुरताच आहे असेंही नाहीं. १९३४ पासून १९४७ पर्यंत लंडनच्या सेंट पँक्रस बरोच्या कौन्सिलावर व्ही. के. कृष्ण मेनन हे सभासद म्हणून निवडून येत होते. स्वतंत्र हिंदुस्थानचे लंडनमधील पहिले हाय कमिशनर म्हणून त्यांची नेमणूक झाली, तोंवर ते त्या बरोचे नगरपिते होते. आजही त्या देशाचा कायदा राष्ट्रकुलांतील, म्हणून भारतांतीलही, नागरिकाला तेथें कायदेशीर वास्तव्य असल्यास स्थानिक निवडणुकींत मत देण्याचा हक्क देतो. त्यासाठीं ब्रिटिश नागरिक व्हावें लागत नाहीं. मतदारांच्या यादींत नांव मात्र नोंदवावें लागतें. आपल्यापैकीं कितीएकांचीं मुलें-मुली, भाचे-पुतणे आज इंग्लंडच्या बरोंत घरें करून राहिलीं आहेत. त्यांना पत्र लिहितांना प्रकृतीची व हवापाण्याची विचारपूस आपण करतोंच. त्याबरोबर आणखी एक ओळ लिहावी: बरोच्या मतदारयादींत तुमचें नांव आहे काय, आणि गेल्या खेपेस मत दिलेंत काय?