काटा घरचा आणि बाजारचा



मी सातवी शिकलेली. धंद्यातली नीती मला कापसाने शिकविली. एका वर्षी वजन वाढावे म्हणून रात्री गंजीवर पाणी शिंपडले. हमीभावाच्या केंद्रावर 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर माल नाकारतात. आमची गाडी परत आली, कापूस पिवळा पडला.

बाजारात काटा मारतात म्हणून मी नेहमी ओरडे. तेव्हा एक वेचणारी हळूच म्हणाली, "वहिनी, तुमच्या काट्यावर आमचंबी वजन रोज कमीच भरते." खरेच होते. प्रत्येक गाठोड्यामागे मी किलोभर कापीत होते, म्हणजे तिच्या लेकरांची भाकरच.

आता वजन तिच्यासमोर करते, पूर्ण लिहिते. मागचे फेडणे अजून चालू आहे.